बसलेला आवाज



आज आपण घशाविषयी बोलणार आहोत. घसा म्हणजे एक वाट आहे. या वाटेने भाकरी जाते, पाणी जाते, वाराही जातो. याच वाटेवर आपला आवाज राहतो. बैलाला हाक मारतो तो आवाज, पोराला झोपवतो तो आवाज. तो आहे तोवर त्याची किंमत कळत नाही. गेला की कळते.

या घशाला कर्करोग होतो. त्यालाच आपण कॅन्सर म्हणतो. नाव काढले की माणूस घाबरतो. “कॅन्सर म्हणजे कॅन्सल,” असे लोक म्हणतात. हे खरे नाही. वेळेवर सापडला तर हा रोग बरा होतो. वेळेवर सापडावा कसा, एवढेच आज सांगायचे आहे.

आधी एक हकिगत ऐका.

एका भजनातले दोघे

आम्ही गावोगाव फिरतो. एका गावात भजनी मंडळ होते. त्यात एक बुवा होते. वरच्या पट्टीत अभंग उचलावा तो बुवांनीच. मृदंगावर आबा बसत. दोघांची जोडी तीस वर्षांची. दोघांच्या गळ्यात माळ, म्हणून दारूला कोणी शिवत नसे. पण विडीला माळ आडवी येत नव्हती. भजन संपले की दोघे देवळाच्या कट्ट्यावर बसत. एका काडीवर दोघांच्या विड्या पेटत.

एका आषाढात बुवांचा आवाज बसला. बुवा म्हणाले, “वारीत ओरडून ओरडून बसलाय. उघडेल.” माईंनी हळद-दूध दिले. कोणी ज्येष्ठमध दिले, कोणी मिठाच्या गुळण्या सांगितल्या. एका ठिकाणी गोळ्या मिळाल्या, दुसरीकडे इंजेक्शन मिळाले. घशाच्या आत कोणी पाहिले नाही. बुवांनीही दाखवला नाही. दुखत नव्हते ना! मग कशाला जायचे?

श्रावण गेला, दसरा गेला. दिवाळीत उजवा कान ठणकू लागला. मग भाकरी घशात अडकू लागली. बुवा भाकरी दुधात कुस्करून खाऊ लागले. माघात एका रात्री त्यांना श्वास घेता येईना. घशातून शिटीसारखा आवाज येऊ लागला. तेव्हा कुठे जीप आणली आणि बुवांना शहरात नेले.

आठ महिने गेले होते. बुवांचा जीव वाचला, पण स्वरयंत्र काढावे लागले.

आबांचे काय झाले, ते पुढे सांगतो.

घशात काय असते?

आपल्या गळ्याला पुढून हात लावा. मधे एक उंचवटा लागेल. घोट गिळला की तो वरखाली होतो. तो कंठमणी. त्याच्या आत स्वरयंत्र आहे, म्हणजे आवाजाची पेटी. तिच्यात दोन बारीक पट्ट्या असतात. आपण बोलतो तेव्हा त्या जवळ येतात. छातीतून वारा वर येतो, पट्ट्या थरथरतात आणि आवाज निघतो. पेटीच्या भात्याने वारा भरला की सूर निघतो, तसेच हे.

स्वरयंत्राच्या खाली श्वासनलिका आहे. तिच्या मागे अन्ननलिका आहे. वरती घशाची पोकळी, जिभेचे मूळ आणि टॉन्सिलच्या गाठी. यांपैकी कुठेही हा रोग होऊ शकतो.

हा रोग म्हणजे काय?

भिंत जशी विटांची, तसे आपले शरीर पेशींचे. पेशी इतक्या बारीक, की डोळ्यांनी दिसत नाहीत. जुन्या पेशी मरतात, नव्या येतात. सारे हिशेबाने चालते. कधी कधी काही पेशींचा हिशेब बिघडतो. त्या नको तितक्या वाढतात आणि थांबतच नाहीत. शेतात हरळी वाढते तशी ही वाढ. आधी एका कोपऱ्यात दिसते. मग मुळ्या खाली जातात, कांडी पुढे सरकते आणि शेजारचे वावरही धरते.

कोपऱ्यात आहे तोवर हरळी खुरप्याने निघते. वावरभर झाली की नांगर घालावा लागतो, आणि तरीही मुळी राहते. कर्करोगाचे असेच आहे.

हा रोग शिवल्याने होत नाही. एका ताटात जेवल्याने होत नाही. रोग्याचे भांडे वेगळे काढू नका. तो मागच्या जन्मीचा शाप नाही, कोणाची करणीही नाही.

खुणा ओळखा

घशाचा रोग गुपचूप येत नाही. तो खुणा देतो. आपणच त्या ओळखत नाही.

पहिली खूण, आवाज घोगरा होतो. सर्दीने बसलेला आवाज बहुधा आठ-पंधरा दिवसांत उघडतो. तीन आठवडे झाले आणि उघडला नाही, तर ती साधी गोष्ट समजू नका.

दुसरी खूण, गिळताना अडकते किंवा दुखते. घशात काही टोचते आहे असे सारखे वाटते.

तिसरी खूण, मानेत गाठ येते. ती पुष्कळदा दुखत नाही. दुखत नाही म्हणून माणूस तिकडे पाहत नाही.

चौथी खूण, एका बाजूचा कान दुखत राहतो आणि कानात तर काही सापडत नाही.

पाचवी खूण, थुंकीत रक्त दिसते, कारण नसताना वजन उतरते किंवा श्वास घेताना आवाज येतो. श्वास कोंडत असेल तर तीन आठवडे मोजत बसू नका. त्याच घटकेला दवाखाना गाठा.

या खुणा दिसल्या म्हणजे कॅन्सरच झाला, असे नाही. पुष्कळ वेळा दुसरेच काही निघते. पण ते डॉक्टरांनी पाहून सांगावे. आपण घरात बसून ठरवू नये.

दुखत नाही म्हणून वाट पाहू नका. सुरुवातीला हा रोग बहुधा दुखत नाही. बुवा त्यातच फसले.

एका गाणाऱ्याचा आरसा

घसा आत खोल आहे. तिथले दिसावे कसे? ही युक्ती एका गाणे शिकवणाऱ्याने काढली. त्यांचे नाव मॅन्युएल गार्सिया. जन्माने ते स्पेन देशाचे. गाताना गळ्यात काय होते, हे त्यांना पाहायचे होते. १८५४ साली त्यांनी दात पाहण्याचा लहान आरसा घशात धरला. दुसऱ्या आरशाने त्यावर ऊन पाडले. आणि त्यांना स्वतःच्याच आवाजाच्या पट्ट्या हलताना दिसल्या.

आजही कान-नाक-घशाचे डॉक्टर असा लहान गोल आरसा वापरतात. किंवा नाकातून बारीक, मऊ नळीची दुर्बीण घालून आत पाहतात. आधी औषध मारून नाक-घसा थोडा बधिर करतात. काही मिनिटांचे काम असते. थोडे कसेसे होते, पण घाबरण्यासारखे काही नाही.

म्हणून दवाखान्यात गेल्यावर नुसत्या गोळ्या घेऊन परत येऊ नका. स्पष्ट विचारा, “डॉक्टरसाहेब, तीन आठवडे झाले. घसा आतून कोण पाहील?” गावाजवळच्या आरोग्य केंद्रात ही सोय नसेल, तर तिथून मोठ्या रुग्णालयासाठी चिठ्ठी घ्या.

तुकड्याची तपासणी

आत काही संशयाचे दिसले, तर डॉक्टर त्या जागेचा बारीक तुकडा काढतात. याला बायप्सी म्हणतात. तो तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. रोग आहे की नाही, हे त्या तपासणीनेच पक्के होते. मानेत गाठ असेल, तर बारीक सुईने तिच्यातला अंश काढून पाहतात.

पुष्कळ लोक म्हणतात, “लोखंड लागलं की कॅन्सर पसरतो. तुकडा काढू देऊ नका.” मंडळी, या एका समजुतीपायी किती तरी माणसे उशीर करतात. तुकडा काढल्याने रोग पसरत नाही. तो पसरतो वाट पाहत बसल्याने.

मग स्कॅन करून रोग कुठवर गेला आहे ते पाहतात. रोगाच्या चार पायऱ्या धरतात. पहिल्या पायरीवर तो लहान, एका जागी असतो. चौथ्या पायरीवर दूर गेलेला किंवा फार मोठा झालेला असतो. कोणता उपचार करायचा, ते या पायरीवरून ठरते.

उपचार कोणते?

उपचार मुख्यतः तीन.

एक शस्त्रक्रिया, म्हणजे रोगाची जागा कापून काढणे.

दुसरा किरणोपचार. गावात त्याला “शेक” किंवा “लाईट” म्हणतात. रोगी यंत्राखाली निजतो. डोके हलू नये म्हणून तोंडावर जाळीचा मुखवटा बसवतात. किरण येतात ते दिसत नाहीत आणि त्या वेळी दुखतही नाही. रोज थोडी मिनिटे, आठवड्यातून पाच दिवस, असे बहुधा सहा-सात आठवडे चालते.

तिसरा केमो, म्हणजे रोगाच्या पेशी मारणारी औषधे. ती बहुधा सलाईनमधून देतात. रोग वाढलेला असेल तर शेकाबरोबर ही औषधे देतात.

रोग लहान असेल तर पुष्कळदा एकच उपचार पुरतो, नुसता शेक किंवा लहानशी शस्त्रक्रिया. आवाजाच्या पट्टीवरचा अगदी लहान रोग असेल, तर दहांपैकी जवळजवळ नऊ जण बरे होतात आणि त्यांचा आवाजही राहतो. रोग वाढला की दोन-तीन उपचार करावे लागतात, आणि कधी स्वरयंत्रच काढावे लागते.

शेक चालू असताना तोंड कोरडे पडते, गिळताना दुखते, गळ्याची कातडी काळवंडते. याला भिऊन काही जण अर्ध्यावर घरी पळून येतात. तसे करू नका. अर्धी नांगरट करून वावर सोडले, तर हरळी पुन्हा उभी राहते. त्रास डॉक्टरांना सांगा. मऊ भात, खिचडी, दूध, अंडे असे घशाला सोसेल ते खा. खाता येईना, तर नाकातून नळी घालून अन्न देतात. ती काही दिवसांची असते. शेक सुरू होण्याआधी दात तपासून घ्या. आणि या काळात विडी-तंबाखू पूर्ण बंद ठेवा. विडी ओढत राहिले तर शेकाचा गुण कमी येतो.

उपचार संपला तरी डॉक्टर सांगतील त्या तारखेला दाखवायला जा. पहिली दोन वर्षे तर एकही फेरी चुकवू नका.

पाटीवरची अक्षरे

आता बुवांकडे वळू.

स्वरयंत्र काढले की श्वासाची वाट बदलते. गळ्याच्या खालच्या बाजूला एक भोक ठेवतात. श्वास तिथूनच आत-बाहेर होतो. तोंडाने जेवता येते, पण आवाज निघत नाही.

बुवा घरी आले. ओठ हलत, शब्द येत नसे. नातवंडे गोंधळून पाहत. माई तोंड फिरवून डोळे पुसत. पण बुवांजवळ एक गोष्ट होती. गाथा स्वतः वाचता यावी म्हणून ते दोन वर्षे रात्रीच्या वर्गात बसले होते. अक्षर वाकडेतिकडे, पण लिहिता येत होते. त्यांनी नातवाची पाटी मागून घेतली. पाणी हवे, ऊन लागते, बैलाला चारा टाका, सारे पाटीवर.

पुढच्या साली आबांचा आवाज बसला.

आबा कट्ट्यावर आले आणि घोगऱ्या आवाजात म्हणाले, “बुवा, थंडीनं बसलाय.” बुवांनी बोटांनी विचारले, किती दिवस? आबा म्हणाले, “झाले असतील वीसेक.” बुवांनी पाटी घेतली. तिच्यावर लिहिले :

“मी पण असंच म्हणालो. उद्या जा. घसा आतून बघायला सांग.”

आबा वाचायला शिकलेले नव्हते. शेजारच्या आशाताईंनी ते मोठ्याने वाचून दाखवले. आबा काही बोलले नाहीत. उठले आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी आशाताईंबरोबर आबा तालुक्याला गेले. तिथून मोठ्या रुग्णालयात गेले. आरशात एका पट्टीवर पांढरट डाग दिसला. तुकडा तपासला. रोग होता, पण पहिल्या पायरीचा. आबांना सहा आठवडे शेक मिळाला. तेवढे दिवस ते रुग्णालयाजवळच्या धर्मशाळेत राहिले. आवाज थोडा जाडा झाला, पण राहिला. आज आबा नातीला हाक मारतात, ती गल्लीच्या टोकाला ऐकू जाते.

विडी तीच, कट्टा तोच, रोगही तोच. फरक आठ महिने आणि तीन आठवडे यांचा.

बुवांनाही पुढे बोलता आले. श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामध्ये डॉक्टर एक लहान झडप बसवतात. गळ्याच्या भोकावर बोट ठेवले की वारा झडपेतून वर जातो आणि जाडसर आवाज निघतो. ही झडप मधून मधून बदलावी लागते. झडप न बसवताही बोलता येते. हवा गिळून बोलायला शिकवतात. गळ्याला लावायचे विजेचे लहान यंत्रही मिळते. बुवांना झडप बसवली. आता ते बोट ठेवून “राम कृष्ण हरी” म्हणतात. अभंग मात्र म्हणता येत नाही. ते टाळ वाजवतात.

अशा माणसाच्या घरच्यांनी काही गोष्टी पाळाव्या. गळ्याच्या भोकावर पातळ फडके बांधावे. मळणीच्या धुळीपासून आणि चुलीच्या धुरापासून त्याला दूर ठेवावे. अंघोळ करताना भोकात पाणी जाऊ देऊ नये. विहिरीत, नदीत पोहणे कायमचे बंद. गर्दीत त्याला हसू नये.

रोग येऊच नये म्हणून

या रोगाचे मोठे कारण तंबाखू आहे. विडी, सिगारेट, चिलीम यांचा धूर छातीत जातो तो घशातूनच जातो. रोज, वर्षानुवर्षे. चुलीवरची भिंत धुराने काळी पडते, हे आपण पाहतो. घशाची भिंत मात्र आपल्याला दिसत नाही.

काही जण म्हणतात, “विडी पानाची असते. सिगारेटपेक्षा बरी.” हे खोटे आहे. विडी लहान असली तरी ती विझू नये म्हणून झुरके जास्त आणि खोल घ्यावे लागतात. ती सिगारेटपेक्षा सौम्य नाही.

मळलेली तंबाखू, गुटखा, मावा यांनी तोंडाचा आणि घशाचा कर्करोग होतो. आया-बहिणींनो, दातांना लावायची मशेरी ही जाळलेली तंबाखूच आहे. ती औषध नव्हे. नुसती सुपारीही निर्दोष नाही. महाराष्ट्रात २०१२ सालापासून गुटख्याला बंदी आहे, हे दुकानदारालाही सांगा.

दुसरे कारण दारू. तंबाखू आणि दारू दोन्ही असतील, तर धोका नुसता दुप्पट होत नाही, तो कितीतरी पटींनी वाढतो. विस्तवावर रॉकेल ओतावे तसे होते.

कधी कधी विडी-दारूला न शिवलेल्या माणसालाही हा रोग होतो. टॉन्सिलचा आणि जिभेच्या मुळाचा काही रोग एका विषाणूमुळेही होतो. म्हणून “मला व्यसन नाही” असे म्हणून खुणांकडे डोळेझाक करू नये.

सोडायचे कसे? एक दिवस ठरवा. घरात सर्वांना सांगा. बंडल आणि काडेपेटी खिशातून काढून टाका. पहिले काही दिवस जड जातात. डोके दुखते, चिडचिड होते. तलफ आली की पाणी प्या, बडीशेप चावा, चार पावले चाला. तलफ थोड्या वेळाने ओसरते. चुकून एखादी ओढली तर हार मानू नका, दुसऱ्या दिवसापासून पुन्हा धरा. तंबाखू सोडायला मदत करणारा सरकारी दूरध्वनी आहे : १८००-११-२३५६. त्याला पैसे पडत नाहीत. साठ वर्षांच्या माणसाने सोडली तरी फायदा होतो.

आणि एक सांगणे. पोराला विड्या आणायला दुकानात पाठवू नका. अठरा वर्षांखालच्या मुलाला तंबाखू विकणे २००३ च्या कायद्याने गुन्हा आहे. पण कायद्याआधी आपले घर आहे. आज पोर आपल्यासाठी बंडल आणते, उद्या स्वतःसाठी आणते.

पैसा कुठून आणायचा?

“जमीन विकावी लागेल,” या भीतीने माणूस घरीच बसतो. आधी चौकशी करा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगावरचे अनेक उपचार मोडतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन त्याला भेटा. कोणते उपचार मोडतात, ते त्याच्याकडून समजून घ्या. उपचाराला जाताना रोग्याला आणि सोबतच्या एका माणसाला रेल्वेच्या भाड्यात सवलत मिळते. त्यासाठी रुग्णालयाचा दाखला लागतो.

मुंबईत परळला टाटा स्मारक रुग्णालय आहे. ते १९४१ साली सुरू झाले. पण दर वेळी मुंबईच गाठावी लागते असे नाही. नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी रुग्णालय आहे, छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे, सोलापूर जिल्ह्यात बार्शीलाही कर्करोग रुग्णालय आहे.

बार्शीची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. तिथे १९८७ सालापासून आसपासच्या खेड्यांतल्या कर्करोगाची नोंद ठेवू लागले. कार्यकर्ते गावोगाव गेले, लोकांना खुणा समजावून सांगितल्या. पुढे असे दिसले, की गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग झालेल्या बाया पूर्वीपेक्षा लवकर, रोग लहान असतानाच येऊ लागल्या. नवे यंत्र नाही, नवे औषध नाही. नुसत्या बोलण्याने हे झाले.

म्हणून आम्हीही बोलतो आहोत. तुम्ही घरी जाऊन चार जणांना सांगा. हे पान वाचून दाखवा. कट्ट्यावर कोणाचा आवाज बसलेला ऐकला, तर त्याला विचारा, “किती दिवस झाले?”

ध्यानात ठेवा

१. तीन आठवडे आवाज बसलेला राहिला, तर घसा आतून दाखवा.

२. गिळताना अडकणे, मानेत गाठ, एका कानाचे दुखणे, थुंकीत रक्त, या खुणा आहेत.

३. तुकडा काढल्याने रोग पसरत नाही.

४. उपचार अर्धवट सोडू नका.

५. विडी, तंबाखू, मशेरी, गुटखा, दारू सोडा. आजच सोडा.

राम राम!